तांब्याच्या नाण्याचे मोल

जुन्या घराची आवराआवर करताना देव्हाऱ्यातील डबीत किंवा फडताळात एखादे काळवंडलेले तांब्याचे नाणे हाती लागते. ‘याचे किती रुपये येतील?’ हा प्रश्न लगेच मनात येतो. नाणे जितके जुने तितकी त्याची किंमत अधिक, असा सर्वसाधारण समज आहे. संग्राहकांचा हिशेब मात्र निराळा असतो. नाणे किती दुर्मीळ आहे, कोणत्या स्थितीत आहे आणि त्याला मागणी किती आहे, यांवर त्याची किंमत ठरते.

अमेरिकेत एक सेंटच्या नाण्याला ‘पेनी’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची बचत करणे भाग पडल्यामुळे १९४३ साली ही नाणी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची पाडण्यात आली. त्यांची संख्या शंभर कोटींहून अधिक होती. परंतु तांब्याच्या मिश्रधातूच्या काही जुन्या चकत्या टांकसाळीत राहून गेल्या आणि त्यांच्यावरही १९४३ चा ठसा उमटला. अशी मोजकीच नाणी आढळली आहेत. त्यांपैकी एक १९४७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एका शाळकरी मुलाला सुट्या पैशांत मिळाले. त्याने ते जन्मभर जपले. त्याच्या मृत्यूनंतर, जानेवारी २०१९ मध्ये, ते लिलावात २,०४,००० डॉलरना विकले गेले. या लौकिकामुळे पोलादी पेनीवर तांब्याचा मुलामा चढवून फसवणारेही निघाले. पण लोहचुंबक जवळ नेताच ते सोंग उघडे पडते.

त्याच युद्धाच्या टंचाईमुळे भारतातही १९४३ पासून मधोमध भोक असलेला पैसा निघाला. तो विपुल पाडला गेल्यामुळे आज सहज मिळतो. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची, म्हणजे १६७४ ची, आठवण देणारी शिवराई तर त्याहून कितीतरी जुनी. पुढे पेशवाईतही शिवराया पाडल्या गेल्या. म्हणून सामान्य प्रतीची शिवराई आजही माफक किमतीत मिळते.

नाण्याची स्थितीही महत्त्वाची असते. घरातील तांब्याची भांडी चिंचेने लख्ख करण्याची सवय येथे घातक ठरते. नाण्यावर कालांतराने चढलेला गडद थर घासून काढला, की अक्षरे झिजतात आणि किंमतही उतरते.

जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, असे सांगून आधी ‘शुल्क’ मागणारे भामटे अनेकांना गंडवतात. रिझर्व्ह बँक असा व्यवहार करीत नाही व त्यासाठी शुल्कही घेत नाही, असा खुलासा त्या बँकेने २०२१ मध्ये केला होता.

शिवराईच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे असतात. बाजारात तिची किंमत थोडी असेल. परंतु एका स्वतंत्र राज्याची साक्ष तिच्यावर कोरलेली आहे. किंमत बाजार ठरवतो. मोल मात्र ती अक्षरे वाचणाऱ्याला कळते.

शब्दार्थ : फडताळ – भिंतीतील कपाट, टांकसाळ – नाणी पाडण्याचा कारखाना, भामटा – ठग.

पाठावर आधारित प्रश्न
१. नाण्याची किंमत कोणत्या गोष्टींवर ठरते?
२. ‘किंमत’ आणि ‘मोल’ यांतील फरक पाठाच्या आधारे स्पष्ट करा.