माप घे, नक्कल नको

चि. निखिल यास,


नंदुरबारच्या माणिक चौकाजवळ पडलेल्या जुन्या घराच्या जागी नवी इमारत बांधायचं काम तुला मिळालं, हे दादाने फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. नकाशा काढायला बसण्याआधी चार गोष्टी ऐक.

पहिली, टेप घेऊन गल्लीत जा. शेजारच्या घरांच्या जोत्याची उंची, ओट्याची रुंदी, खांबापासून खांबापर्यंतचा खण, मजल्याची आणि सज्ज्याची रेघ टिपून घे. लाकडी तुळई जेवढा भार पेलेल, तेवढाच खण असायचा. म्हणून वेगवेगळ्या मालकांची घरंही एका ओळीत शोभतात. काँक्रीटला ती मर्यादा नाही. तू ती आपणहून पाळ. दर्शनी भाग त्याच खणांत विभाग, खिडक्या उभट ठेव.

दुसरी, जुन्याचं सोंग आणू नकोस. काँक्रीटच्या खांबाला सागवानी रंग फासला आणि तयार महिरप चिकटवली की वाडा होत नाही. उलट शेजारच्या खऱ्या नक्षीचा मान जातो. जुन्या वास्तूला जोडलेलं नवं काम आपल्या काळाचं दिसावं, असं वास्तुजतनाविषयीच्या 1964 च्या व्हेनिस सनदेतही म्हटलं आहे. वीट, लोखंड, काँक्रीट, जे वापरशील ते उघडपणे वापर.

तिसरी, ओटा सोडू नकोस. मालक सगळा तळमजला पार्किंगला आणि शटरला मागेल. एका खणातून गाडीला वाट दे, उरलेल्या खणांत दार आणि ओटा राख. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. दर्शनी भिंत काचेची केलीस तर आत भट्टी होईल. मध्ये छोटासा का होईना, उघडा चौक ठेव.

चौथी, जागेचं भान. 9 सप्टेंबर 1942 रोजी, भारत छोडो आंदोलनात, शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती याच माणिक चौकात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. अशा ठिकाणी इमारतीने मान वर काढून मिरवू नये. जास्तीत जास्त किती उंच जाता येईल, हे नियम सांगतात. किती पुरे, हे गल्लीला विचार.

आणि पाया खणण्याआधी सामाईक भिंतीला टेकू दे. माती-विटांची जुनी भिंत शेजारी खोल खड्डा सहन करत नाही. खणायचं ते टप्प्याटप्प्याने, पावसाळा टाळून.

मालक खर्चावर अडला, तर अंदाजपत्रक घेऊन ये. आपण बसून एकेक आकडा तपासू.

तुझी,
आत्या