धन्याचे कूळ कसे ओळखावे?

कोथिंबीर आणि धने ही एकाच झाडाची दोन रूपे. बाजारासाठी कोथिंबीर लावणारा शेतकरी ती फुलावर येण्यापूर्वीच उपटून जुड्या बांधतो; साहजिकच पुढच्या पेरणीचे बी त्याला दुकानातून आणावे लागते. आमच्या नेऱ्यात माझी आजी मात्र वाफ्याच्या कडेची काही झाडे राखते, धने राखेत घालून गाडग्यात ठेवते आणि पेरताना वहाणेखाली रगडून एकेकाच्या दोन डाळी करते. "आपलं बी येगळं हाय," असे तिचे म्हणणे. कॉलेजची पायरी चढणारा मी घरातला पहिलाच. तेव्हा हे खरे की खोटे, असे मलाच विचारले जाते!

दिसण्यावरून उत्तर मिळत नाही. एकच बी शेणखताच्या वाफ्यात फोफावते आणि मुरमाड जमिनीत वीतभर राहते. डीएनए मात्र खतपाण्याने बदलत नाही. म्हणून शास्त्रज्ञ त्यावरील खुणा, म्हणजे रेणवीय चिन्हके, पाहतात. आरएपीडी ही त्यांतली एक पद्धत १९९० साली प्रसिद्ध झाली. कोवळ्या पानातून डीएनए काढायचा व त्यावर डीएनएच्याच लिपीतील दहा अक्षरांचा एक तुकडा सोडायचा. तो जुळून बसतो तेथील भागाच्या यंत्रात असंख्य प्रती निघतात. मग त्या जेलीसारख्या वडीतून विजेच्या प्रवाहाने पळवायच्या. लहान तुकडे पुढे जातात, मोठे रेंगाळतात आणि अतिनील प्रकाशात पट्टे दिसतात. पट्टा असेल तर १, नसेल तर ०. हजेरीपटच म्हणा ना! दोन वाणांच्या हजेऱ्या जितक्या जुळतील तितके नाते जवळचे. प्रयोगशाळा बदलली की हे पट्टे थोडे बदलतात, म्हणून पुढे एसएसआर चिन्हके अधिक भरवशाची ठरली.

धन्याचा आणखी एक पेच आहे. त्याच्या फुलात पराग आधी गळतो आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. मग मधमाशा शेजारच्या झाडाचा पराग आणतात. मेथी बहुधा आपल्याच परागावर फळते. म्हणून गाडग्यातला एक दाणा तपासून भागणार नाही, पुष्कळ झाडे घ्यावी लागतील. शेजारी दुकानाचे बी फुलले असते तर आजीचे बी केव्हाच मिसळले असते. पण शेजारी कोथिंबीर फुलूच देत नाहीत, हे तिच्या पथ्यावरच पडले!

अजमेरजवळ तबीजी येथे २००० साली बीज-मसाल्यांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यालाही आपला वाण नोंदवता येतो. तो वेगळा, एकसारखा आणि स्थिर आहे, हे दाखवावे लागते. वास चांगला की वाईट, हे पट्टे सांगत नाहीत. ते काम नाकाचेच. मात्र हिंजवडीकडून इमारती आमच्या शिवारापर्यंत आल्या आहेत आणि गाडग्यातले धने काही वर्षांतच उगवेनासे होतात. नमुना घ्यायचा तर वाफा आहे तोवरच.