तोंडावरील फडकें आणि आपला श्वास
(उपदेशकांच्या व रविवारच्या अभ्यासवर्गाच्या उपयोगासाठीं. वाचन : मत्तय ४.५-७, लेवीय १३.४५, ४६, फिलिप्पै २.४)



वडवणी, धारूर व माजलगांव ह्या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघूं लागल्या म्हणजे पाळकाकडे नाना प्रकारचे प्रश्न येतात. त्यांपैकीं एक करोनाच्या सांथीपासून आजवर मिटलेला नाहीं. तो असा कीं, तोंडाला मास्क बांधल्यानें आपण सोडलेला विषारी वायु आपल्याच पोटांत परत जातो, प्राणवायु कमी पडतो व मनुष्य आजारी होतो, हें खरें काय? कोणी ह्यास आणखी एक जोड देतो : ज्याचा रक्षणकर्ता देव आहे त्यानें फडक्यावर कां भिस्त ठेवावी? महाराष्ट्रांत मुखपट्टीची सक्ति २ एप्रिल २०२२ रोजीं, गुढीपाडव्याच्या दिवशीं उठली, म्हणून हा विषय संपला असें पुष्कळांस वाटतें. परंतु क्षयरोग आपल्या वस्त्यांतून गेलेला नाहीं. ज्या कोपींत एक मनुष्य रात्रभर खोकतो व त्याच्या शेजारीं चार लेंकरें निजतात, त्या कोपींत हा प्रश्न आजचाच आहे. त्याचें उत्तर उपदेशकानें ऐकीव गोष्टींवरून देऊं नये.

प्रथम वायूचा विचार करूं. आपण आंत घेतों त्या हवेंत प्राणवायु शंभरांत सुमारें एकवीस भाग असतो, आणि बाहेर सोडतों त्या हवेंत सुमारें सोळा. सोडलेल्या श्वासांतही प्राणवायु पुष्कळ उरतो. म्हणूनच बुडालेल्याच्या तोंडांत तोंड लावून फुंकलेला श्वास त्याला वांचवूं शकतो. कर्बाम्ल वायु, ज्यास शाळेंतील मुलें कार्बन डायऑक्साइड म्हणतात, तो मोकळ्या हवेंत दहा हजारांत सुमारें चार भाग व उच्छ्वासांत शंभरांत सुमारें चार भाग असतो. भीतीचें मूळ ह्या दुसऱ्या आंकड्यांत आहे. परंतु साधा श्वास सुमारें अर्ध्या लिटराचा असतो, आणि फडक्याआड अडकून राहणारी हवा त्याचा थोडा अंश होय. शिवाय फडकें म्हणजे कांहीं मडक्यावर लिंपलेलें झांकण नव्हे. प्रत्येक श्वासाबरोबर हवा धाग्यांमधून व कडांवरून ये-जा करीत असते.

येथें चतुर श्रोता विचारील : वायु पार जातो तर रोगाचा जंतु कां जाणार नाहीं? प्रश्न रास्त आहे. कर्बाम्ल वायूचा कण करोनाच्या विषाणूच्याही शेंकडों पटींनीं लहान आहे, आणि विषाणु स्वतः फडक्याच्या छिद्रांहून लहान आहे. परंतु विषाणु एकटा उडत नाहीं. तो बोलतांना, खोकतांना व गातांना उडणाऱ्या थुंकीच्या तुषारांत बसून येतो, आणि हे तुषार धाग्यांस आपटून तेथेंच चिकटतात. आपल्या वडील मंडळींस नारूचा रोग आठवत असेल. महाराष्ट्र हा त्या रोगाच्या प्रांतांपैकीं एक होता. विहिरीचें पाणी दुहेरी फडक्यानें गाळून प्या, असें तेव्हां घरोघर सांगत, कारण नारूचें बीज ज्या सूक्ष्म किड्याच्या पोटांत असे तो किडा फडक्यांत अडके व पाणी मात्र खालीं उतरे. त्या गाळण्यानें पाणी विषारी झालें असें कोणी म्हटलें नाहीं. भारतांत नारूचा शेवटचा रोगी १९९६ सालीं आढळला.

प्राणवायु कमी होतो कीं काय, हें तर बोटाला लावण्याच्या यंत्रावर कोणासही पाहतां येतें. १५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ह्या मोहिमेंत आशा सेविका व त्यांचे सोबती हेंच यंत्र घेऊन दारोदार गेले. निरोगी मनुष्याचा आंकडा ९५ किंवा त्याहून अधिक असतो. ज्यास संशय असेल त्यानें मुखपट्टी बांधून अर्धा तास बसावें व यंत्र लावून पाहावें. फडक्यानें आंकडा घसरत नाहीं. मिरजेस डॉक्टर वॉनलेस ह्यांनीं मिशनचा दवाखाना १८९४ सालीं उघडला. अशा सर्व दवाखान्यांतील शस्त्रक्रियेच्या खोलींत डॉक्टर व परिचारिका आज तासन्‌तास मुखपट्टी बांधून उभ्या असतात, आणि रोग्याच्या पोटांतील नाजूक काम त्याच स्थितींत करतात. स्थानकवासी जैन साधूंचें उदाहरणही आपल्या भागांत सर्वांस ठाऊक आहे. नगर जिल्ह्यांतील आचार्य आनंदऋषि तेरा वर्षांचे असतां साधु झाले, जन्मभर मुखपट्टी बांधीत, आणि १९९२ सालीं एक्याण्णव वर्षांचे होऊन वारले. त्यांचा हेतु सूक्ष्म जीवांची हिंसा टाळण्याचा होता, आपला तो नव्हे. परंतु त्या फडक्यानें त्यांचें आयुष्य तुटलें नाहीं एवढें खरें.

आतां उपयोग किती? येथें बढाई मारूं नये. १९१०-११ सालीं मांचुरियांत फुफ्फुसाचा प्लेग पसरून सुमारें साठ हजार माणसें मेलीं, तेव्हां डॉक्टर वू लिएन-तेह ह्यांनीं जाळीच्या कापडांत कापूस घालून केलेली पट्टी बांधण्याचा आग्रह धरला. मेस्नी नांवाच्या अनुभवी फ्रेंच डॉक्टरानें तो मानला नाहीं, आणि रोग्यांस तपासून तो थोड्याच दिवसांत त्याच प्लेगनें मेला. अलीकडील पुरावा आपल्यासारख्याच खेड्यांचा आहे. बांगलादेशांत करोनाच्या सांथींत सहाशें गांवांतील तीन लाखांहून अधिक प्रौढांवर एक मोठी परीक्षा झाली. अर्ध्या गांवांत मुखपट्ट्या फुकट वांटल्या व गांवच्या मान्यवरांकडून, मशिदींतील इमामांकडूनही, लोकांस समजाविलें. त्या गांवांत बांधणारांचें प्रमाण शंभरांत तेरांवरून बेचाळिसांवर गेलें. जेथें दवाखान्यांतल्यासारखी निळी पट्टी वांटली, तेथें लक्षणांसह रोग जडण्याचें प्रमाण सुमारें एक-नवमांशानें घटलें, आणि साठ वर्षांवरील वृद्धांत सुमारें एक-तृतीयांशानें. साध्या कापडी पट्टीचा लाभ तितका स्पष्ट दिसला नाहीं. लाभ डोंगराएवढा नव्हे, पण ज्या घरांत म्हातारी आई आहे त्या घरास तो लहान वाटूं नये.

मुखपट्टीचा त्रास मुळींच होत नाहीं असें मात्र उपदेशकानें सांगूं नये. लोक खोटें लगेच ओळखतात. घामानें ओली झालेली पट्टी गुदमरल्यासारखी वाटते. कानामागें व गालांवर पुरळ येतें. कोणाचें डोकें दुखतें. ऐकूं कमी येणाऱ्या वृद्धांस ओठ दिसले नाहींत म्हणजे अर्धे बोलणें कळत नाहीं, आणि हें नुकसान मला पुष्कळ पुरळांपेक्षां मोठें वाटतें. त्यांच्याशीं बोलतांना चार हात दूर, मोकळ्या हवेंत उभें राहून तोंड उघडावें. पांच वर्षें व त्यांखालील मुलांस मुखपट्टी लावण्याची जरूर नाहीं असें जागतिक आरोग्य संघटनेनें सांगितलें आहे. जोराचे श्रम करतांनाही ती लावूं नये असें तिचें म्हणणें आहे. तेव्हां उघड्या फडांत ऊस तोडणाऱ्यानें व मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारीनें ती बांधण्याचें कारण नाहीं. दम्याच्या रोग्यानें डॉक्टरास विचारावें. ओली झालेली पट्टी बदलावी. कापडी असेल तर रोज साबणानें धुऊन उन्हांत वाळवावी.

२०२१ सालीं महाराष्ट्रांत काळ्या बुरशीच्या रोगानें हजारों माणसें पीडिलीं, कित्येकांचे डोळे व जबडे गेले, तेव्हां ओल्या मुखपट्टीवर आळ आला. मळकें फडकें वापरणें वाईटच. परंतु त्या रोगाचीं मुख्य कारणें ताब्यांत नसलेला मधुमेह आणि स्टेरॉइड औषधांचा अतिरेक हीं होतीं. ज्यांस साखरेचा विकार आहे त्यांनीं पट्टीपेक्षां साखरेची धास्ती धरावी.

एका ठिकाणीं मात्र फडक्यावरील विश्वासच घातक ठरतो, आणि आमचा कापसाचा मुलूख असल्यामुळें तें येथें लिहिणें प्राप्त आहे. कपाशीवर विषारी औषध फवारतांना तोंडाला उपरणें गुंडाळलें म्हणजे झालें, असें पुष्कळ समजतात. कापड औषधाची वाफ अडवीत नाहीं. भिजलें तर तेंच विष नाकाशीं धरून ठेवतें. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन सुमारें वीस शेतकरी व मजूर मेले. त्या कामास निराळें साधन, अंगभर कपडे व वाऱ्याची दिशा पाहणें हींच लागतात.

आतां शास्त्राकडे वळूं. एक्याण्णवावें स्तोत्र मरीपासून रक्षणाचें अभिवचन देतें, म्हणून मुखपट्टी बांधणें अविश्वासाचें चिन्ह होय, असें सांथीच्या काळांत कित्येक उपदेशकांनीं शिकविलें. त्यांनीं मत्तयाचा चौथा अध्याय पुनः वाचावा. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, असें प्रभूस सांगणाऱ्या सैतानानें प्रमाण म्हणून कोणतें वचन काढलें? त्याच स्तोत्रांतलें. आणि प्रभूनें तें वचन खोटें म्हटलें नाहीं. देवाची परीक्षा पाहणें त्यानें नाकारलें. जिना असतां उडी टाकणें हा विश्वास नव्हे. हिज्कीया राजास देवानें आणखी पंधरा वर्षें देऊं केलीं, तरी यशयानें गळवावर अंजिरांचा लेप लावविला (२ राजे २०.७). १५२७ सालीं विटेनबर्गांत प्लेग आला तेव्हां मार्टिन ल्यूथर रोग्यांच्या सेवेसाठीं तेथेंच राहिला. परंतु औषध घ्यावें, घर धुरवावें, आणि जेथें आपली गरज नाहीं तेथें जाऊन दुसऱ्यास रोग देऊं नये, असेंही त्यानें लिहिलें. दुसरें कोणी २ करिंथ ३.१८ दाखवून म्हणतात कीं ख्रिस्ती मनुष्याचें मुख अनाच्छादित असावें. तेथें पौल मोशेच्या आच्छादनाचा दाखला घेऊन अंतःकरणावरील पडद्याविषयीं बोलत आहे. नाकावरील फडक्याशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

लेवीयाच्या तेराव्या अध्यायांतील वचन मात्र अधिक जपून शिकवावें. तेथें कुष्ठरोग्यानें वरचा ओठ झांकावा व आपण अशुद्ध आहों असें ओरडावें अशी आज्ञा आहे. तें झांकणें त्यास छावणीबाहेर काढण्याचें चिन्ह होतें. आपल्या वस्त्यांतून क्षयाचा रोगी मुखपट्टी बांधण्यास लाजतो तो ह्याच कारणानें : फडकें दिसलें कीं लोक पाणी वेगळें ठेवतात, पोरीची सोयरीक मोडते, मुकादम टोळींत घेत नाहीं. मग तो खोकला लपवितो, आणि लेंकरांस रोग देतो. २०२० सालीं मार्चअखेर टाळेबंदी होऊन एक लाखाहून अधिक ऊसतोड मजूर कारखान्यांवर अडकले, व एप्रिलांत त्यांस घरीं जाण्याची परवानगी मिळाली, तेव्हां सर्वांच्याच तोंडाला फडकीं होतीं. त्या फडक्याची लाज कोणास वाटली नाहीं, कारण तें एकट्याचें नव्हतें. प्रभूनें कुष्ठरोग्यास हात लावला (मत्तय ८.३), त्याला दूरून हांकललें नाहीं. म्हणून ज्या घरीं क्षयाचा रोगी आहे त्या घरीं प्रार्थनेस जातांना उपदेशकानें व सोबतच्या सर्वांनीं पट्टी बांधावी, दार-खिडकी उघडी ठेवावी, जमल्यास अंगणांतच बसावें, आणि रोग्याबरोबर चहा घेतल्याशिवाय उठूं नये. क्षय पेल्यानें लागत नाहीं.

ज्यास दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे त्यानें टोळीबरोबर निघण्यापूर्वीं सरकारी दवाखान्यांत थुंकी तपासून घ्यावी. औषध फुकट मिळतें, आणि पोषणासाठीं नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा एक हजार रुपये मिळतात. औषधाचा कागद सोबत घ्यावा, म्हणजे कारखान्याच्या गांवींही गोळ्या चुकणार नाहींत.

वर्गांत विचारण्याचे प्रश्न : सैतानानें सांगितलेलें वचन खरें असतां प्रभूनें त्याप्रमाणें कां केलें नाहीं? यशयाजवळ देवाचें अभिवचन असतां त्यानें अंजीर कां मागविले? आपल्या मंडळींत खोकला लपविणारें घर आहे काय, आणि तें कोणाच्या बोलण्याच्या भयानें लपवितें?