कपातले तरंगणारे भूत

आपल्यापैकी अनेकांची आते-मामेभावंडे अमेरिकेत आहेत. ऑक्टोबर संपत आला की तिकडून फोटो येतात. दारात कोरलेला भोपळा, चेटकिणीची टोपी घातलेली ताई, तिच्या हातात गरम चॉकलेटचा कप आणि त्यावर तरंगणारे एक पांढरे भूत. गेल्या वर्षी सातवीतील एका मुलीने असाच फोटो दाखवून मला विचारले, "बाई, हे भूत आम्हाला चालेल का?" तिच्या घरी शाकाहार कडक आहे. उत्तर देता देता विज्ञानाचा एक पूर्ण तास झाला. तोच तास येथे लिहून देत आहे.

हा परका सण आपल्या पत्रिकेत कशाला, असे पालक किंवा विश्वस्त विचारतील. तो साजरा करा असे मी म्हणत नाही. पण नातवंडे फोनवर सांगतात ते आजीला समजावे, एवढे तरी हवे. हॅलोवीन ३१ ऑक्टोबरला असतो. १ नोव्हेंबरला ख्रिस्ती संतांचा दिवस, त्याची ही आदली रात्र. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये हिवाळा सुरू होताना भुतेखेते फिरतात अशी जुनी समजूत होती आणि तेथे सलगम कोरून दिवे करीत. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले. तेथे भोपळा मोठा आणि कोरायला सोपा, म्हणून तो आला. मुले सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात. थंडीतून घरी परतल्यावर गरम चॉकलेट. आपल्या बडोद्यात काळी चौदसला शेजारच्या गुजराती घरांतून चौकात वडे ठेवतात, तेव्हा भुताखेतांची रात्र आपल्याला अगदीच अनोळखी नाही.

चॉकलेट मात्र मूळचे मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातले. तेथील माया आणि ॲझटेक लोक कोकोच्या बिया वाटून पाण्यात कालवीत. दूध नाही, ऊसाची साखर नाही, पुष्कळदा मिरची घातलेली! बिया नाण्यांसारख्याही चालत. फेस यावा म्हणून ते पेय एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतीत. पुढे मेक्सिकोत यासाठी लाकडी घुसळणी आली. ती दोन्ही तळहातांमध्ये धरून फिरवतात. म्हणजे आपली रवीच की! १ आणि २ नोव्हेंबरला तेथे दिवंगतांसाठी त्यांच्या आवडीचे पदार्थ मांडतात. त्यात चॉकलेटही असते. आपल्याकडे पितृपक्षात पान वाढतात, ते येथे आठवावे. आपण वापरतो ती कोको पावडर त्यामानाने नवी. १८२८ साली हॉलंडमध्ये व्हान हाउटेन यांनी बियांतील बरीचशी चरबी दाबून काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यानंतरची.

आता कृती. दोन कपांसाठी ४०० मिलिलिटर दूध, दोन मोठे चमचे कोको, तीन मोठे चमचे साखर, चिमूटभर मीठ आणि हवी तर दालचिनीची पूड. (ड्रिंकिंग चॉकलेटचा डबा असेल तर साखर घालू नका, ती त्यात आधीच असते.) मी पहिल्यांदा केले तेव्हा कोको सरळ उकळत्या दुधात टाकला आणि गुठळ्या गाळण्यात संध्याकाळ गेली. कोकोत चरबी आणि पिष्ट दोन्ही असतात. चरबीमुळे तो लवकर भिजत नाही. वरचा थर गरम दुधात भिजून फुगतो, चिकट होतो, आणि आतली पूड कोरडीच अडकते. पिठल्यासाठी बेसन आई आधी गार पाण्यात कालवते, त्याचे कारण हेच. म्हणून कोको आणि साखर कोरडीच एकत्र करावी, म्हणजे साखरेच्या कणांमुळे कोकोचे कण सुटे राहतात. मग थोड्या गार दुधात गुळगुळीत कालवावे, ते तापलेल्या दुधात ओतावे आणि मंद आचेवर दोन मिनिटे ढवळावे. कोको दुधात पूर्ण विरघळत नाही, नुसता तरंगत राहतो. त्यामुळे तळाशी गाळ बसतोच. पिण्याआधी पुन्हा ढवळा. वर साय धरू नये म्हणून रवीने फेस काढा.

आता भूत. फोटोतले भूत मार्शमेलोचे असते. एके काळी हा पदार्थ दलदलीत उगवणाऱ्या एका झाडाच्या मुळांपासून करीत, नाव तेवढे त्यावरून राहिले. आज तो साखरेचा पाक आणि जिलेटिन फेटून, आत हवा कोंडून करतात. हवेमुळे तो तरंगतो. जिलेटिन साधारण ३५ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून गरम कपात भूत हळूहळू नाहीसे होते. पण जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून काढतात. तेव्हा त्या मुलीला मी सांगितले, नेहमीचे मार्शमेलो तुमच्या घरी चालणार नाही. भारतातील पाकिटावर चौकोनातला हिरवा ठिपका शोधा. अमेरिकेतून आलेल्या पाकिटावर अशी खूण छापण्याची सक्ती नसते, तेथे घटकांची यादीच वाचावी लागते. खाऊ पाठवणाऱ्या काका-मावशींनाही हे आधी कळवावे, म्हणजे आलेला खाऊ बाजूला ठेवण्याची वेळ येत नाही.

मग आम्ही वर्गात चायना ग्रासचे भूत केले. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून होते, म्हणून शाकाहारी. गोड दुधात ते उकळून ताटलीत थापले, कात्रीने भुते कापली आणि कपात सोडली. सगळी भुते बुडाली! वितळलीही नाहीत, कारण चायना ग्रास एकदा घट्ट झाले की सुमारे ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. चमच्याने काढून खाल्ली. चव छान होती.

शेवटी साय कामाला आली. जाड, थंडगार साय आणि थोडी पिठीसाखर थंड भांड्यात फेटावी. फार फेटली तर लोणी निघेल, तेव्हा जरा फुगताच थांबावे. बाजारचे क्रीम घ्यायचे तर सुमारे ३५ टक्के चरबीचे घ्या; २५ टक्केवाले नीट फुगत नाही. चमचाभर क्रीम कपावर अलगद सोडा आणि चॉकलेटच्या दोन दाण्यांचे डोळे लावा. कोळ्याचे जाळे हवे असेल तर क्रीम सपाट पसरा, मेंदीसारख्या कोनातून वितळलेल्या चॉकलेटची वर्तुळे काढा आणि टूथपिक मध्यापासून बाहेर ओढा. चॉकलेट गरम पाण्यावर ठेवलेल्या कोरड्या वाडग्यातच वितळवा. पाण्याचा एक थेंब पडला तरी ते रवाळ होते.

गॅसजवळचे काम मोठ्यांनीच करावे. लहान भावंडांना कप कोमट झाल्यावरच द्या, वरच्या क्रीममुळे आतली वाफ दिसत नाही. उरलेले चॉकलेट कुत्र्याला मुळीच घालू नका, त्यातील थिओब्रोमाइन त्याला विषारी असते.

करून पाहा : चायना ग्रासचे भूत तरंगवायचे असेल तर ते घट्ट होण्यापूर्वी काय करावे? उत्तर वहीत लिहून आणा, आणि जमल्यास भूतही.