चित्र दिसते, पण ठेवता येत नाही

मागच्या पाठात आपण इंटरनेटवरचे चित्र संगणकात कसे ठेवावे ते शिकलो. चित्रावर माऊसचा बाण न्यायचा. माऊसचे उजवे बटण दाबायचे. जी यादी उघडते तिच्यातली 'सेव्ह इमेज अ‍ॅज' ही ओळ निवडायची. चित्राला नाव द्यायचे आणि 'सेव्ह' दाबायचे. झाले काम.

पण मंडळी, रोजची मोटसुद्धा एखाद्या दिवशी अडते. संगणकही तसाच अडतो. काल चित्र ठेवले तेव्हा ते नीट राहिले. आज ठेवू म्हटले तर काही केल्या राहत नाही. अशा वेळी काय करावे, ते आज पाहू. मला हे माझ्याच एका चुकीतून कळले. म्हणून ती चूक आधी सांगतो.

मी चेंबूरला राहतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत प्रौढांचा वर्ग घेतो. तेथे दोन जुने संगणक आहेत. वर्गात साठीच्या पुढच्या एक मावशी येतात. मूळच्या साताऱ्याकडच्या. लग्न होऊन मुंबईला आल्या, त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. अक्षरे शिकल्या त्या इथे, आमच्या वर्गात.

मावशींचे यजमान वारले. पुढे २६ जुलै २००५ चा तो मोठा पाऊस आला. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढा पाऊस कित्येक तालुक्यांत वर्षभरात पडत नाही. मावशींच्या घरात कमरेइतके पाणी शिरले. पत्र्याच्या पेटीतले कागद भिजून लगदा झाले. त्यातच यजमानांचा फोटो गेला. दुसरा फोटो नव्हता.

आता एका रविवारी मावशी धापा टाकीत वर्गात आल्या. "गुरुजी, आमच्या गावच्या पोरांनी यात्रंचं जुनं फोटो इंटरनेटवर लावल्यात म्हणं. पुतण्या सांगत हुता, लेझमाच्या फोटोत हे बी हायेत."

आम्ही ते पान उघडले. फोटो काळापांढरा. दोन ओळींत माणसे उभी. डावीकडून तिसरा, डोक्याला फेटा, हातात लेझीम. मावशींनी पडद्याला बोट लावले आणि कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. फोटोच्या कोपऱ्यात कोणीतरी शाईने तारीख घातली होती, १२/४/७९.

"ठेवा मावशी," मी म्हणालो. "तुम्हाला येते आता."

मावशींनी उजवे बटण दाबले. नाव लिहिले. 'सेव्ह' दाबले. पडद्यावर एक लहान चौकट आली. त्यात इंग्रजीत एक ओळ होती आणि खाली 'ओके'. मी पुढे होऊन 'ओके' दाबले. चौकट गेली. पण चित्र काही राहिले नाही. पुन्हा केले, पुन्हा चौकट. पुन्हा मी 'ओके' दाबले. असे चार वेळा झाले.

मागच्याच रविवारी मावशींनी गणपती आणि सूर्यफूल अशी दोन चित्रे ठेवली होती. ती जागच्या जागी होती. मग आजच काय झाले? मी मनाशी ठरवून टाकले की यंत्राचे पोट भरले. जागा मोकळी केली पाहिजे.

हे पोट भरण्याचे प्रकरण खरे असते, म्हणून ते नीट समजून घेऊ. संगणकातली जागा म्हणजे आपली कणगी. ती बाइट या मापाने मोजतात. एक बाइट म्हणजे इंग्रजीतले एक अक्षर मावेल एवढी जागा. चित्राला मात्र पुष्कळ जागा लागते. मावशींच्या त्या एका फोटोला सुमारे ३ लाख बाइट लागणार होते. आपल्या देशात तयार झालेल्या पहिल्या संगणकांपैकी एक टिफ्रॅक. तो मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झाला. त्यात २,७०० व्हॉल्व्ह होते, आणि त्याच्या मुख्य स्मृतीत आजच्या मापाने १० हजार बाइटच्या थोडे वर मावत. म्हणजे लेझमाचा हा एक फोटो मावायला तसले तीस संगणक मांडावे लागले असते! आजच्या संगणकाची कणगी फार मोठी आहे. पण मोठी कणगीसुद्धा भरतेच.

ती भरली की नाही हे डोळ्यांनी पाहता येते. विंडोजच्या संगणकात 'धिस पीसी' उघडा. तेथे 'सी' नावाच्या कप्प्यासमोर एक आडवी पट्टी दिसते. पट्टी निळी असेल तर जागा आहे. लाल झाली तर कणगी तुडुंब भरत आली. मी पट्टी पाहिली. ती निळीच होती. तरी म्हटले, साफसफाई केलेली बरी. डोक्यात एकदा एखादी गोष्ट बसली की समोरचे दिसत नाही, ते असे.

मग मी रिसायकल बिन उघडले. ही संगणकातली केराची टोपली. आपण एखादी वस्तू पुसतो तेव्हा ती लगेच नाहीशी होत नाही. ती या टोपलीत जाऊन पडते आणि तेथे जागा अडवून बसते. आम्हा चेंबूरकरांना हे समजावून सांगावे लागत नाही. कुर्ल्याहून चेंबूरला रेल्वेचा रूळ आला तो १९०६ साली, आणि आला तो शहराचा कचरा वाहून आणण्यासाठी. उतारूंची गाडी त्यावर १९२४ साली धावू लागली. शेजारच्या देवनारला कचऱ्याचा डोंगर उभा राहिला. शहराने टाकलेले शहरातच राहिले, फक्त आमच्या बाजूला आले! तर सांगायचे असे की, टोपली रिकामी केली की जागा मोकळी होते. पण त्यातली वस्तू मग साध्या उपायाने परत मिळत नाही.

मी टोपली रिकामी केली. आत काय आहे ते पाहिले नाही. वर्गातला एक तरुण, बाजारात हमाली करणारा, मागून म्हणाला, "गुरुजी, माझा शाळा सोडल्याचा दाखला त्यात होता. गेल्या आठवड्यात चुकून पुसला गेला. आज परत काढायचा होता."

मला काय बोलावे ते सुचेना. आणि एवढे करूनही मावशींचे चित्र राहिलेच नाही. पुन्हा ती चौकट आली. माझा हात पुन्हा 'ओके'कडे निघाला, तोच मावशींनी तो धरला.

"गुरुजी, त्यात काय लिवलंय?"

चाळीस वर्षे मुलांना सांगत आलो, आधी प्रश्न नीट वाचा आणि मग उत्तर लिहा. आणि मीच ती ओळ पाच वेळांत एकदाही वाचली नव्हती! आता चष्मा पुसून वाचली. तिचा अर्थ असा होता : फाइलचे नाव चालण्यासारखे नाही.

मावशींनी नाव लिहिले होते, 'यात्रा १२/४/७९'. फोटोवरची तारीख त्यांनी जशीच्या तशी उतरवून घेतली होती. अक्षरे बरोबर, आकडे बरोबर. अडचण होती ती मधल्या तिरक्या रेघेची.

संगणकात वस्तू कप्प्यांत ठेवलेल्या असतात. कप्प्यात कप्पा, त्यात आणखी कप्पा. आपण पत्ता लिहिताना जिल्हा, तालुका, गाव लिहितो तसा संगणक कप्प्यांचा पत्ता लिहितो, आणि दोन कप्प्यांच्या मध्ये तिरकी रेघ घालतो. म्हणून नावात ती रेघ आली की तो गोंधळतो. विंडोजमध्ये नावात न चालणाऱ्या अशा नऊ खुणा आहेत. दोन्ही बाजूंना झुकणाऱ्या तिरक्या रेघा, उभी रेघ, दोन टिंबे, फुली म्हणजे चांदणी, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, आणि लहानमोठे दाखवणारी दोन टोके. मराठी अक्षरे चालतात, मराठी आकडे चालतात, आडवी रेघही चालते. मावशींनी तिरक्या रेघा पुसून आडव्या घातल्या, 'यात्रा १२-४-७९'. 'सेव्ह' दाबले. चौकट आली नाही. चित्र राहिले.

तेव्हा संगणक अडला तर पहिले काम वाचण्याचे. चौकटीतली ओळ मराठीत असेल तर आपण स्वतः वाचा. इंग्रजीत असेल तर एकेक अक्षर पाहून वहीत उतरवून घ्या आणि जाणत्या माणसाला दाखवा. जागा नाही, नाव चालत नाही, या कप्प्यात ठेवायची परवानगी नाही, असे काहीतरी त्यात सांगितलेले असते. आपण उगाच तर्क करीत बसतो.

कधी चौकट येतच नाही. मग दुसऱ्या पानावरचे दुसरे एखादे चित्र ठेवून पाहा. ते राहिले तर संगणक ठीक आहे, खोट त्या पहिल्या चित्रात किंवा त्या पानात आहे. दुसरेही राहिले नाही, तर दोन ओळींचे पत्र लिहून ते ठेवून पाहा. पत्रही राहिले नाही, तर इंटरनेटला दोष देऊ नका. दुखणे घरातच आहे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन औषधे एकदम घेतली तर गुण कशाने आला ते वैद्यालाही सांगता येत नाही.

पुष्कळदा तर चित्र राहिलेले असते, आपल्यालाच ते सापडत नाही. कंट्रोल आणि 'जे' ही दोन बटणे एकत्र दाबा. म्हणजे आतापर्यंत उतरवून घेतलेल्या वस्तूंची यादी दिसते. आमच्या वर्गातल्या एका गृहस्थांनी विठोबाचे चित्र अकरा वेळा ठेवले होते आणि अकराही 'डाऊनलोड्स'च्या कप्प्यात सुखाने नांदत होती!

संगणकाचा राखणदारही कधीकधी आडवा येतो. विंडोजमध्ये २०१७ सालापासून अशी एक सोय आहे की, ती चालू केली तर अनोळखी प्रोग्रामला महत्त्वाच्या कप्प्यांत काही ठेवता येत नाही. चोरांपासून रक्षण व्हावे म्हणून ती केली आहे. तेव्हा ती बंद करू नका. चित्र दुसऱ्या कप्प्यात ठेवून पाहा.

एक जुने दुखणेही सांगून ठेवतो, कारण खेड्यापाड्यांत जुनी यंत्रे अजून दिसतात. आपण इंटरनेटवरचे चित्र पाहतो तेव्हा ते आपल्या संगणकाच्या ओसरीवर आलेले असते. तो तात्पुरता साठा. 'सेव्ह' केले म्हणजे ते माजघरात जाते. इंटरनेट एक्सप्लोरर नावाच्या जुन्या प्रोग्राममध्ये ही ओसरी भरली किंवा बिघडली की तो चित्राचे मूळ नाव आणि जात विसरे, आणि 'बीएमपी' या एकाच जातीत ठेवू देई. बीएमपी चित्र दाबून बसवलेले नसते. हजार ठिपके लांब, हजार ठिपके रुंद अशा रंगीत चित्राला ३० लाख बाइट लागतात. उपाय सोपा होता, तात्पुरता साठा पुसायचा. आता कंपनीने विंडोज १० वरच्या बहुतेक संगणकांसाठी १५ जून २०२२ पासून त्या प्रोग्रामची देखभाल थांबवली आहे. तो वापरू नये हेच बरे. आजच्या प्रोग्रामचा तात्पुरता साठा पुसायचा झाला तर कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट ही तीन बटणे एकत्र दाबा. पण 'पासवर्ड'समोर बरोबरची खूण असेल तर ती आधी काढा.

मावशींचे काम मात्र अजून संपले नव्हते. फोटो छापून चौकटीत बसवायचा होता. पेन ड्राइव्हवर घेऊन त्या फोटोवाल्याकडे गेल्या. तो म्हणाला, आजी, हे फार बारीक आहे, छापले तर तोंड ओळखू येणार नाही. झाले होते असे की, पानावर आधी चित्राचा लहान नमुना दिसत होता आणि आम्ही तोच ठेवला होता. नमुन्यावर एकदा डावे बटण दाबले की मोठे चित्र उघडते. ते ठेवायचे असते. पोस्टकार्डाएवढा, म्हणजे सहा इंच बाय चार इंच फोटो स्वच्छ छापायचा तर १,८०० बाय १,२०० ठिपके लागतात. पानावरचे मोठे चित्रही तेवढे नव्हते. मग मावशींनी पुतण्याकडून गावच्या मुलांना निरोप धाडला. ज्यांनी फोटो लावला त्यांना विचारावे हे योग्यही होते. त्यांनी मूळ फोटो पुन्हा नीट स्कॅन करून पाठवला. तो फोटो आता मावशींच्या घरी भिंतीवर आहे, जमिनीपासून चांगला पुरुषभर उंच.

त्या हमाल तरुणाचा दाखला गावी आईच्या पेटीत होता. तो दिवाळीला गेला तेव्हा घेऊन आला. रविवारी तो येण्याआधी अर्धा तास मी स्कॅनरपाशी जाऊन बसलो होतो.