किरकोळ जखमा आणि घरगुती औषधे

विळीवर भाजी चिरताना बोट कापते, खेळताना मुलाचा गुडघा खरचटतो. अशा वेळी घरातील वडीलधाऱ्यांचा हात प्रथम हळदीच्या डब्याकडे जातो. ही रूढी किती जुनी आहे, हे एका वादात जगासमोर आले. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे एकस्व, म्हणजेच पेटंट, १९९५ साली अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास हरकत घेतली आणि जुन्या ग्रंथांतील उल्लेख व १९५३ सालचा एक वैद्यकीय लेख पुराव्यादाखल सादर केला. १९९७ साली ते एकस्व रद्द झाले.

या निर्णयाचा अर्थ मात्र नीट समजून घेतला पाहिजे. हे ज्ञान नवे नाही, एवढेच त्याने सिद्ध झाले. जुने ते सर्व हितकर, असे नव्हे. परंपरेतील ग्राह्य काय आणि त्याज्य काय, हे पारखावेच लागते. बंगळूरच्या येलहंका भागात १९९३ पासून कार्य करणारी ‘फाउंडेशन फॉर रिव्हायटलायझेशन ऑफ लोकल हेल्थ ट्रॅडिशन्स’ ही संस्था औषधी वनस्पतींचे जतन आणि लोकवैद्यकाची अशीच पारख करीत आली आहे.

आता प्रत्यक्ष उपचाराकडे वळू. पहिले औषध म्हणजे स्वच्छ पाणी. हात धुऊन जखमेवर वाहते पाणी सोडावे. माती, खडे निघून गेले पाहिजेत. रक्त थांबेपर्यंत स्वच्छ कापडाने जखम दाबून धरावी. त्यानंतरच इतर उपायांचा विचार करावा. मधातील साखर ओलावा शोषून घेते, त्यामुळे जंतूंची वाढ खुंटते. कोरफडीचा आतला पारदर्शक गर वरवरच्या खरचटण्यावर लावता येतो. सालीलगतचा पिवळा चीक त्वचेस झोंबतो, तो टाकून द्यावा. शेताच्या बांधावरील दगडीपाल्याचा रस जखमेवर पिळण्याची चाल खेड्यांत आहे. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. म्हणजे परंपराही नवे स्वीकारीत असते. मात्र पाला असो वा हळद, त्यांत जंतू नसतातच असे नाही. म्हणून खोल जखमेत त्या भरू नयेत.

शेण, माती अथवा चुलीतील राख जखमेवर कदापि लावू नये. माती व शेणात धनुर्वाताच्या जंतूंची बीजे असतात. हवा न पोहोचणाऱ्या खोल जखमेत ती वाढतात आणि प्राणावर बेतते. या रोगापासून हळद वाचवीत नाही, लस वाचविते. खिळा रुतला असेल, प्राणी चावला असेल, रक्त थांबत नसेल, किंवा सूज, पू व ताप दिसत असेल, तर विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. घरगुती औषधाची मर्यादा ओळखणे, हाही त्या औषधाच्या ज्ञानाचाच एक भाग होय.