आधी पत्रा आणि कागद, मग गाडी

बीड,
११ जानेवारी २०२६

चि. बाळ यास,


तुझं पत्र मिळालं. फियाट १२४ स्पायडर ही कापडी टपाची उघडी गाडी घ्यायची म्हणतोस, ताई नको म्हणते, आणि मामाने काय ते सांगावं असा तुम्हा दोघांचाही आग्रह आहे. तर माझं म्हणणं असं, की घे. मात्र पत्रा आणि कागद या दोन्ही बाबतींत खरी उतरलेली गाडीच घे. इंजिन बांधता येतं, सीट शिवून घेता येतात, रंग तर सगळ्यात शेवटी. सांगाडा सडलेला असेल किंवा नोंदणीत गोम असेल, तर ती गाडी फुकट मिळाली तरी महागच पडते.

ताईला वाटतं ही परदेशी थेरं आहेत. तिला सांग, इटलीची गाडी आपल्याकडे परकी नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९५४ पासून त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. तिचीच पुढे पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर ज्यांनी हाताळला, असे मिस्त्री आपल्या बीडमध्ये आजही आहेत. १९८५ मध्ये प्रीमियरने ११८ एनई आणली. तिचं इंजिन निसानचं, पण बॉडी फियाट १२४ सलूनची. तू ज्या स्पायडरवर भाळला आहेस, ती त्याच १२४ च्या पायावर उभी आहे. फक्त पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २४२० वरून २२८० मिलिमीटर केलेलं. म्हणून ११८ एनईचे सुटे भाग तिला तसेच्या तसे बसतील असं धरून चालू नकोस. प्रत्येक भाग मापून बघ.

स्पायडर पहिल्यांदा दिसली ती १९६६ च्या तुरीनच्या प्रदर्शनात. आकार पिनिनफारिना कंपनीतल्या टॉम जार्डाचा, आणि इंजिन आधी फेरारीसाठी काम केलेल्या ऑरेलिओ लॅम्प्रेदीचं. १९८५ पर्यंत सुमारे दोन लाख गाड्या निघाल्या, त्यातल्या बहुसंख्य अमेरिकेत गेल्या. त्यामुळे सुटे भाग आजही नवे बनतात आणि मागवता येतात. हौशी माणसासाठी ही मोठी जमेची बाजू आहे. पण कारखान्याने ही गाडी उजव्या स्टिअरिंगची कधी बनवली नाही. ‘ओरिजिनल उजवी’ म्हणून कुणी दाखवायला लागला, तर तिथून उठून ये.

आता कागद. गाडी बाहेरून आणायची असेल तर ती पन्नास वर्षांपुढची हवी. २०२५ च्या फेब्रुवारीत सरकारने अशा जुन्या गाड्यांच्या आयातीचे नियम सैल केले. त्याआधी १९५० पूर्वीच्याच गाड्यांना वाट होती. म्हणजे १९८० ची स्पायडर कितीही देखणी असली तरी आज तुझ्या कामाची नाही. सीमाशुल्क, जहाजाचं भाडं आणि नोंदणी धरली, की विकत घेण्याची किंमत ही हिशेबातली लहान रक्कम ठरते. हे आकडे कस्टमचं काम करणाऱ्या जाणकार एजंटाकडून लेखी घे. नोंदणीचे नियम २०२१ सालचे आहेत. पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपातली गाडी ‘व्हीए’ अक्षरांच्या नंबरावर चढते. पहिल्या नोंदणीला वीस हजार, मुदत दहा वर्षं, नंतरच्या नूतनीकरणाला पाच हजार. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्तीसाठी रस्त्यावर आणता येते. रोज कामावर नेता येत नाही. घरच्यांना हे आधीच सांगून ठेव.

गाडी देशातच असेल तर आरसी बुकावरचा चासी नंबर आणि गाडीवरचा नंबर स्वतः ताडून बघ. नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उमटतो. अक्षरं वेडीवाकडी, आजूबाजूचा पत्रा घासलेला किंवा नव्याने जोडलेला दिसला, तर पुढचं बोलणंच करू नकोस. बोजा, थकलेला कर आणि दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, हे सगळं इसार देण्याआधी हातात हवं.

एका मोहापासून तुला मुद्दाम सावध करतो. वरातीसाठी टप कापलेल्या जुन्या गाड्या आपल्याकडे विकायला येतात. स्वस्त म्हणून तसली गाडी घेऊ नकोस, आणि चांगल्या पद्मिनीचा टप तर मुळीच कापू नकोस. या गाड्यांना वेगळी चासी नसते. तळ, दाराच्या चौकटी आणि टप मिळूनच गाडीला ताकद येते. टप गेला की ती मधून वाकायला लागते. कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाची मनाई आहे. शिवाय मूळ स्वरूप गेलं, की ‘व्हीए’ नंबरची वाटही बंद होते.

पत्रा कसा बघायचा ते नीट वाच. लहानसं लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून ने. चाकांच्या कमानी, दरवाजांच्या कडा आणि दाराखालची लांब पेटी यांवरून ते हळू फिरव. जिथे ते धरत नाही तिथे आत पुट्टी भरलेली आहे. मग सतरंजी टाकून गाडीखाली झोप आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तळ ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला भद्द वाजतो. बॉनेट उघडून पुढच्या शॉकअपच्या वरचे टॉवर दोन्ही बाजूंनी बघ. स्पायडरचं खरं दुखणं तिथे असतं. शेवटी दार बंद करून त्याच्या कडेची फट बघून ठेव. गाडी एका बाजूने जॅकवर घे आणि पुन्हा बघ. फट बदलली, दार अडकायला लागलं, तर सांगाड्यातला जीव गेला आहे. पक्का टप नसलेल्या गाडीत ही परीक्षा सगळ्यात महत्त्वाची.

गाडी कुठे राहिली आहे हेही विचार. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत पत्रा आतून खाल्ला जातो. आपल्या कोरड्या मुलखात पत्रा टिकतो, मात्र उन्हाने रबर, डॅशबोर्ड आणि टपाचं कापड फाटतं. ते बदलता येतं. अमेरिकेतूनच आणायची तर बर्फावर मीठ टाकणाऱ्या भागातली घेऊ नकोस. कॅलिफोर्निया, ॲरिझोनाकडची शोध.

काम सुरू करताना क्रम मोडू नकोस. गाडी आणल्या आणल्या सगळी खोलून टाकायची घाई पोरं करतात, आणि अशा गाड्या वर्षानुवर्षं पोत्यांत पडून राहतात. आधी पत्रा, मग ब्रेक, मग इंजिन, वायरिंग आणि शेवटी रंग. एक भाग खोल, फोटो काढ, बोल्ट डब्यात ठेवून डब्यावर चिठ्ठी लाव. तो भाग पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नकोस. दाराखालची पेटी कापायची वेळ आली, तर त्याआधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी पाइप वेल्ड करून घे. तो आधार दिला नाही तर बॉडी बसते आणि दार पुन्हा जन्मात लागत नाही.

इंजिन चालू असलं तरी टायमिंग बेल्ट आधी बदल. विकणारा काय सांगतो त्यावर जाऊ नकोस. वायरिंग बिघडलेली वाटली तर नवी टाकण्याआधी अर्थिंगचे सगळे बिंदू घासून साफ कर, निम्मे दोष तिथेच सुटतात. चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. कॅलिपर खोलून, नवी सिलं घालून, होज बदलूनच गाडी रस्त्यावर आण. ब्रेकची खात्री पटल्याशिवाय मांजरसुंब्याचा घाट उतरायचा नाही, हे मी बजावून सांगतो.

पेट्रोलकडेही लक्ष दे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं.   जुन्या गाडीच्या रबराला ते मानवत नाही. नळ्या फुगतात, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची पॅकिंग खराब होतात. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि पॅकिंग घाल, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साचवून ठेवू नकोस.

पैशाचं सरळ सांगतो. कर्ज काढून ही हौस करू नकोस. खरेदीला जेवढे पैसे घालशील तेवढेच दुरुस्तीसाठी वेगळे काढ, आणि ते नसतील तर अजून थांब. थांबायचं असेल तर तोवर कागद नीट असलेली एखादी पद्मिनी घेऊन तिच्यावर हात बसव. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. या गाड्या जपणारी माणसंही आता कमी होत चालली आहेत. ज्या मिस्त्रींनी त्या बांधल्या त्यांच्याजवळ बस, त्यांना पुरती मजुरी दे आणि त्यांचं काम वहीत उतरवून ठेव. ही विद्या पुस्तकात फारशी नाही.

गाडी बघायला जाशील तेव्हा आदल्या दिवशी फोन कर, मी बरोबर येईन. तोवर कुणी कितीही घाई केली तरी इसाराचा एक रुपयाही देऊ नकोस.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा